‘विरचना’ म्हणजे काय? आणि मग स्त्रीवादाचं काय?

प्रश्न असा आलाय की एका लेखात ‘स्त्री या कोटीची (म्हणजे वर्गाची, कॅटेगरीची) विरचना’ असं वाचलं, तर विरचना म्हणजे नेमकं काय, आणि स्त्रीच मोडीत काढली तर स्त्रीवाद करायचा कुणासाठी?

आधी शब्द बघू. डिकन्स्ट्रक्शनला मराठीत विरचना बऱ्यापैकी रुळलाय, हिंदीवाले विखंडन म्हणतात. गंमत म्हणजे संस्कृतात विरचना म्हणजे रचनाच, ‘अमुकविरचित’ ग्रंथ आठवा. तरी मला विखंडनापेक्षा हाच बरा वाटतो, कारण ही कल्पना मांडणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदाला तोडफोड करायचीच नव्हती, रचना कशी उभी आहे ते उलगडून बघायचं होतं.

आता आपलेच दोन शब्द घ्या, बायकी आणि मर्दानी. पुरुषाला बायकी म्हटलं की शिवी, बाईला मर्दानी म्हटलं की कौतुक, म्हणजे जोडी बरोबरीची नाहीच, एक वर एक खाली. पहिलं काम ही उतरंड उलटी करायची, की बायकी असण्यात वाईट काय? पण तेवढ्यावर थांबलात तर नुसती खुर्ची बदलली. पुढे बघायचं की ‘हातात बांगड्या भरल्यात का’ असं सारखं विचारावं लागतं, म्हणजे मर्दपणा बांगड्यांना नाही म्हणूनच उभा आहे, स्वतःच्या पायावर नाही. फ्रेंच स्त्रीवादी लेखिका एलेन सिक्सूने १९७५ मध्ये सूर्य-चंद्र, संस्कृती-निसर्ग, बाप-आई अशा जोड्या मांडून यात बाई कुठे असं विचारलं ते हेच.

पण भांडणही आहेच. देरिदाने जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेवर लिहिताना ‘स्त्री’ला अनिश्चिततेचं रूपक केलं, त्यावर स्त्रीवादी अभ्यासक गायत्री स्पिवाक (देरिदाचा ग्रामाटोलॉजीवरचा ग्रंथ १९७६ ला इंग्रजीत आणणाऱ्या त्याच) यांनी टोकलं की पुरुषाच्या लिखाणात बाई पुन्हा रूपकच झाली की! आणि मोर्चा काढताना ‘आम्ही बायका’ म्हणावंच लागतं, म्हणून त्यांनी तात्पुरता, डावपेच म्हणून सारतत्त्ववाद (सगळ्या बायकांत काहीतरी एकच मूळ बाईपण असतं असं मानणं) चालेल असं सुचवलं, मग लोक सर्रास त्याचाच आधार घ्यायला लागले तेव्हा त्यापासून अंतरही ठेवलं.

पण ‘आम्ही बायका’ म्हणजे कोणत्या बायका? इकडे १९९८ मध्ये समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्यावर लिहिलं, त्यांना नुसतं ‘भिन्नत्व’ मोजत बसणं पुरेसं वाटलं नाही, दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीच (स्टँडपॉइंट, म्हणजे दलित स्त्रीच्या जागेवरून समाजाकडे बघणं) हवी असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचंच पटतं.