मामांचा पंप गुरगुरतो, पण बुडबुडे नाहीत

(माळ्यावर सापडलेल्या जुन्या वस्तूंचे प्रश्न विचारायचं सदर. या वेळी फिशटँकच्या हवेच्या पंपांवरच इतकी पत्रं आली की बाकीचे मिक्सर आणि टेबलफॅन पुढच्या अंकात.)

प्रश्न : काका, नमस्कार. आमचे थोरले मामा बोटीवर नोकरीला होते, त्यांनी तिकडून येताना फिशटँकचा पंप आणलेला. लहानपणी मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय बघून त्यांना माशांचं जे वेड लागलं ते शेवटपर्यंत सुटलं नाही. आता घर रिकामं करताना तो पंप सापडला. काळी बेकलाइटची डबी आहे, वजन नारळाएवढं, खाली पट्टीवर मेड इन वेस्ट जर्मनी, २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ असं लिहिलंय. लावला तर गुर्रर्र करत टेबलावर चालायला लागतो पण नळीतून एक बुडबुडा येईल तर शपथ. दुकानदार म्हणाला फेकून द्या, कॉइल गेली. खरंच गेली का? — सातारा

उत्तर : नाही गेली. कॉइल गेली असती तर गुरगुर कुठून येणार? वीज कॉइलपर्यंत पोचतेय, चुंबक हलतोय, म्हणजे पंपाचा जो भाग दुरुस्त करायला खरंच अवघड तो तुमच्याकडे जिवंत आहे. मेलंय ते रबर. आणि रबर मरणारच, मामांनी आणलं तेव्हाचं ते, पट्टीवर वेस्ट जर्मनी लिहिलंय म्हणजे १९४९ ते १९९० मधलं कधीतरीचं, कमीत कमी पस्तीस वर्षं झाली की हो.

आत काय चालतं ते आधी सांगतो म्हणजे उघडल्यावर घाबरायला होणार नाही. एक कॉइल असते, तिच्यासमोर एक हलता दांडा, दांड्याच्या टोकाला चुंबक. आपली लाइन सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, त्यामुळे चुंबक तितक्याच वेळा ओढला आणि ढकलला जातो. काही जुन्या पंपांत चुंबकाऐवजी नुसता लोखंडी तुकडा असतो, तो दोन्ही बाजूच्या प्रवाहाला ओढलाच जातो म्हणून तिथे सेकंदाला १०० ठोके पडतात आणि आवाज बारीक येतो. दांड्याला रबरी वाटी लावलेली असते, तिला डायफ्राम म्हणतात, ती आतबाहेर होते आणि हवा ढकलते. हवा परत मागे येऊ नये म्हणून दोन चिमुकले रबरी पडदे, एक आत घेणारा, एक बाहेर सोडणारा. सायकलच्या जुन्या व्हॉल्वला वालट्यूब असायची ना, पंप मारला की फुगून हवा आत सोडायची आणि मग भोकावर घट्ट बसायची, हे पडदे अगदी तेच काम करतात. वाटी फाटली किंवा पडदा चिकटला की पंप गुरगुरतो आणि हवा देत नाही, म्हणजे तुमचीच तक्रार.

आता उघडा. प्लग काढून, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो. स्क्रू दिसले नाहीत तर खालचे रबरी पाय उपटून बघा, बहुतेक त्यांच्याखालीच लपवलेले असतात. काही सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, मी एकदा न काढता उघडला होता आणि एक वॉशर शेवटपर्यंत उरला. तळाला फेल्टची गादी असेल, पंप तिच्यातून श्वास घेतो, ती तव्याच्या बुडासारखी काळी झालेली असते. ती साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा. बऱ्याचदा निम्मी हवा इथेच अडलेली असते. मग वाटी बघा, बोटाने दाबली आणि शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी कडक लागली, किंवा उजेडासमोर धरल्यावर मुडपणीत चीर दिसली, तर तिचं काही होणार नाही. इन्स्टंट गम, सायकलचं सोल्युशन, सिलिकॉन, काही लावू नका, सेकंदाला ५० वेळा वाकणाऱ्या रबरावर कुठलाच डाग टिकत नाही.

नवीन वाटी जर्मनीहून मागवायची गरज असेलच असं नाही. जुनी वाटी घेऊन माशांच्या दुकानात जा, चायनीज पंपांच्या सुट्या वाट्या मिळतात, बाहेरचा व्यास, मधलं भोक आणि उंची तीन मापं जुळली की झालं, बाहेरची कड थोडी मोठी असली तर कात्रीने कापता येते पण उंचीत तडजोड नको. तुमच्या पंपावर शेगो हे नाव असेल तर मात्र नशीब काढलंत, ती जर्मनीतल्या ओफेनबाखची कंपनी अजून पंप बनवते आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. वाटी बसवताना मधला स्क्रू हाताने आवळा, पक्कड नको, आवळता आवळता वाटीला पीळ बसला तर महिन्याभरात त्याच पिळावर फाटते.

पडद्यांची परीक्षा तोंडाने. व्हॉल्वच्या डबीला नळी लावून फुंका आणि मग ओढा, एका बाजूने हवा गेली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूने जीभ चिकटल्यासारखी अडली पाहिजे. दोन्हीकडून जात असेल तर पडद्याखाली कचरा किंवा पांढरा क्षार आहे. तो क्षार कसा येतो माहितीये? लाइट गेली की टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. लोडशेडिंगच्या दिवसांत माझा स्वतःचा एक चांगला पंप असाच गेला, रात्री लाइट गेली, सकाळी आली, पंपात अर्धी वाटी बोअरचं पाणी आणि खाली चटई भिजलेली, आमच्या हिने त्या चटईवरून मला अजून सोडलेलं नाही. क्षार असला तर पडदा काढून व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं ठेवा, धुवा, पुसा. चिकट झाला असेल तर स्पिरिटने हलकं पुसा. पेट्रोल, थिनर रबराला लागू देऊ नका. आणि तेल तर नकोच, शिलाई मशीनचं नाही, खोबरेल नाही, गंज सोडवायचा स्प्रे पण नाही. रबर तेलाने फुगतं आणि तेलाचा अंश हवेबरोबर टाकीत जाऊन पाण्यावर तवंग येतो.

टेबलावर चालतो म्हणालात, ते पाय दगड झाल्यामुळे. नवीन रबरी पाय लावा, खाली फेल्टचा तुकडा. तरी खडखड आली तर दांडा कॉइलच्या तोंडासमोर मधोमध आहे का बघा, एका बाजूला सरकला असेल तर तो कोअरवर, म्हणजे कॉइलच्या आतल्या लोखंडावर आपटतो. एक गंमत लक्षात ठेवा, पंप २२० चा आहे आणि आपल्याकडे रात्री उशिरा लाइन २४० च्या वर चढते, तेव्हा दुपारी शांत असलेला पंप रात्री कडकड करायला लागतो. ते बिघडणं नाही, दांडा जास्त झोकात आहे एवढंच.

वायरबद्दल मात्र चालढकल नको. कापडी किंवा तडकलेली रबरी वायर असेल तर ती फेका, डबी कितीही ओरिजिनल ठेवायची असली तरी. आधी वायरमनच्या सिरीज बोर्डवर लावा, ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये, कॉइल धड असेल तर बल्ब पेटत नाही, शॉर्ट असेल तर लख्ख पेटतो. मेगर (वीज कुठे झिरपते का ते मोजायचं यंत्र) असेल त्याच्याकडून कॉइल आणि लोखंड यांच्यामध्ये मोजून घ्या, एक मेगाओहमच्या खाली आलं तर तो पंप शोकेसमध्ये. पाण्याशेजारी चालणारी वस्तू आहे, तुमचा हात रोज त्या टाकीत जाणार, घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, नसेल तर आधी तो बसवा मग पंप.

बेकलाइटला सँडपेपर मारू नका. चकाकी जाते आणि जुन्या बेकलाइटच्या भुकटीत काय भरलेलं असेल सांगता येत नाही, काहींत अॅस्बेस्टॉस असायचं. पितळेच्या पॉलिशने मऊ फडक्यावर घेऊन घासा, मामांच्या बोटांचे ठसे तेवढे जातील, बाकी सगळं राहील.

प्रश्न : सर, भावाने अमेरिकेतल्या गॅरेज सेलमधून एक जुना पिस्टनचा पंप आणलाय, मोटर, पट्टा, चाक सगळं उघडं दिसतं, बघायला एक नंबर. पट्टीवर ११७ व्होल्ट ६० सायकल लिहिलंय. स्टेपडाउन लावून चालेल ना? — ठाणे

उत्तर : सायकल म्हणजे हर्ट्झच, जुन्या अमेरिकन पट्ट्यांवर तसं लिहायचे. चालेल, पण व्होल्टेज उतरलं तरी सायकल उतरत नाहीत, आपल्याकडे ५० च राहणार. त्यामुळे मोटर सहातल्या पाच भागांनीच फिरेल, हवा थोडी कमी, आणि मोटर जास्त करंट ओढून जास्त तापेल. उपाय असा की व्होल्टेजही त्याच हिशोबात कमी द्यायचं, ११७ चे सहातले पाच म्हणजे साधारण ९८. जपानी वस्तूंसाठी १०० व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर मिळतात, तो घ्या. वजनदार, लोखंडी कोअरचाच घ्या. प्रवासात इस्त्री आणि हेअर ड्रायरला वापरतात तो हलका कन्व्हर्टर मोटरला लावू नका, वास येईल.

पिस्टनला चामडी वॉशर असणार. तुमच्या घरी पंपाचा स्टोव्ह होता का? दांडा नुसताच खालीवर व्हायचा, हवा भरायची नाही, मग आई चामड्याचा वॉशर काढून तेलात भिजत घालायची आणि बोटाने कड बाहेर पसरवून परत बसवायची. अगदी तसंच करा. रात्रभर तेलात ठेवा, सकाळी जास्तीचं पुसून काढा. वरच्या प्रश्नात तेल नको म्हणालो आणि इथे तेल घाला म्हणतोय, कारण तिथे रबर होतं, इथे चामडं आहे. फक्त पंप आणि टाकी यांच्यामध्ये एक बाटली ठेवा, हवा बाटलीतून जाईल आणि तेलाचे थेंब बाटलीत राहतील. उघडं चाक आणि पट्टा आहे तर लहान मुलांच्या उंचीवर ठेवू नका. डबी लोखंडाची असेल तर तीन कोअरची वायर आणि अर्थिंग, यात चॉइस नाही.

प्रश्न : काका मी बारावीला आहे, माझ्या जुन्या पंपाची कॉइल खरंच जळली आहे, काळी पडलीय आणि मीटर काहीच दाखवत नाही. घरी वाइंड करू का? — कोल्हापूर

उत्तर : आधी कॉइलच्या अगदी तोंडाशी बघ, बाहेरची जाड वायर आतल्या बारीक तारेला जिथे जोडलेली असते तो टाका सुटलेला असतो कधी कधी, काळी पडलीय म्हणून आशा कमी पण बघायला पैसे पडत नाहीत. चांगली कॉइल मीटरवर काहीशे ते काही हजार ओहम दाखवते. खरंच जळली असेल तर वाइंड करता येते पण तार केसापेक्षा बारीक आणि वेढे हजारोंनी, हाताने मोजता मोजता दोनदा तुटणार, मी बारावीत नव्हतो तरी रडकुंडीला आलो होतो. पंख्याच्या वायंडिंगवाल्याला जुनी कॉइल न उलगडता दे, त्याला तारेचा नंबर आणि वेढे मोजू दे. किंवा त्याच मापाच्या कोअरवर बसणारी बंद पडलेल्या चायनीज पंपाची कॉइल शोध, त्यांचं रबर आधी जातं त्यामुळे कॉइल बऱ्याचदा चांगल्या निघतात. आणि परीक्षा झाल्यावर कर हे सगळं.

प्रश्न : जुना पंप दुरुस्त केला, पण टाकी दीड फूट खोल आहे. हवा पुरेल का, आणि बुडबुडे कमी असतील तर मासे गुदमरतील का? — नाशिक

उत्तर : पंपाचा दम बघायला बादली पुरते. नळी पाण्यात हळूहळू खाली न्या, जिथे बुडबुडे थांबतील तेवढीच त्याची ताकद. टाकीच्या खोलीपेक्षा निदान अर्धा फूट जास्त जमलं पाहिजे कारण नळीच्या टोकाला लावतात तो सच्छिद्र दगड, एअर स्टोन, तोही थोडा अडवतो. घरातली बादली फूटभराचीच असते, तुम्हाला ड्रम लागेल.

गुदमरण्याचं म्हणाल तर बुडबुड्यातून पाण्यात फार हवा विरघळत नाही, बुडबुडे पाणी वर उचलतात, पृष्ठभाग हलवतात आणि ऑक्सिजन तिथून जातो. म्हणून थोडे बुडबुडे पण पाण्याचा वरचा थर हलतोय, तर चिंता नाही. नाशिकच्या थंडीत २० अंशाच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, मे महिन्यात ३० अंशाला साडेसातच. त्यामुळे उन्हाळ्यात जुन्या पंपाच्या भरवशावर गावाला जाऊ नका, एक साधा नवीन पंप शेजारी चालू ठेवा. दोन्ही पंप पाण्याच्या पातळीच्या वर, आणि नळीत पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व. बाणाची दिशा बघून लावा हो, गेल्या वेळी एकांनी उलटा लावला आणि पंप परत उघडून बसले.