तिसरीची मुलं सारखी "बाई, झालं, आता काय करू?" विचारतात. स्वतःहून शिकायची सवय कशी लावावी?

मुलं विचारतात, कारण उत्तर बाईंकडे लगेच मिळतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आधी स्वतः वाचायचं, मग शेजाऱ्याला विचारायचं, मग गटात, आणि शेवटी बाईंना, असा क्रम ठरवा. तो तुम्हीही पाळा. सुरुवातीला गोंगाट होईल, वेळही जाईल. आपण बरेच जण इथेच धीर सोडतो आणि उत्तर सांगून टाकतो.

चुकीवर लगेच लाल शाई नको. 34 + 28 = 512 लिहिणाऱ्या मुलाला "हे कसं केलंस, मला सांग" म्हणा आणि काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मांडू द्या. सहा गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर दिसल्या की चूक बहुतेक वेळा तेच पकडतं. त्या वेळी चेहरा बघा त्याचा!

साहित्य कपाटात बंद ठेवू नका, मुलांच्या हाताला येईल असं ठेवा. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळांनी तर वर्गाची फरशीच शिकण्यासाठी रंगवून घेतली. काम लवकर संपवणाऱ्यांसाठी गोष्टींची पुस्तकं आणि कोड्यांची पेटी कोपऱ्यात असू द्या.