डिकी घट्ट लागते, क्लेम करू का?

प्रश्न : सिग्नलला थांबले असताना मागून एक गाडी माझ्या गाडीवर आदळली. कोणाला लागलं नाही. बंपरला तडा गेलाय आणि डिकी जरा घट्ट लागते. समोरचा "विमा वगैरे नको, आपसात मिटवू" म्हणून पैसे देत होता, मी अजून घेतलेले नाहीत. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, क्लेम केलात तर नो-क्लेम बोनस जाईल, त्यापेक्षा तडा भरून रंग मारून देतो. काय करू?
– एक वाचक

उत्तर : ताई, पैसे घेतले नाहीत हे फार बरं झालं. आणि तुमच्या पत्रात मला तड्यापेक्षा डिकीची काळजी जास्त वाटते.

माझं सगळं आयुष्य मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून ठोकलेल्या गाड्या बघण्यात गेलं. आपण ज्याला बंपर म्हणतो ते खरं तर प्लास्टिकचं कव्हर. त्याच्या मागे फोम, फोमच्या मागे धातूचा आडवा बीम आणि बीम धरून ठेवणारे दोन ब्रॅकेट. धडकेचा जोर आत पोचू नये म्हणून हे ब्रॅकेट चुरगळतील असेच बनवलेले असतात. कव्हर लवचीक असतं, दबून पुन्हा जागेवर येतं. बीम येत नाही. त्यामुळे बाहेरून एक तडा दिसतो आणि आत बीम वाकलेला, स्टेपनीच्या खळग्याच्या पत्र्याला सुरकुत्या पडलेल्या, असं मी कितीदा तरी पाहिलंय. धडकेनंतर डिकी घट्ट लागायला लागली, म्हणजे तिचं लॉक ज्या मागच्या पत्र्यावर बसतं तो किंवा बिजागरीकडची बाजू सरकली असण्याचीच शक्यता जास्त. रंग मारून हे सुटणार नाही.

तेव्हा क्लेम करायचा की नाही हे आज ठरवूच नका. बंपर उघडल्यावर ठरवा. पण तो सर्व्हेअरला विचारल्याशिवाय उघडू देऊ नका. हे मी कळकळीनं सांगतोय. गॅरेजवाल्यानं आपलेपणानं आधीच पत्रा ठोकून सरळ केला, तर मी नुकसान कशावरून मोजायचं? ताज्या घावात धातू चमकतो, जुन्यावर गंज आणि धूळ बसलेली असते. समोरच्या गाडीचा रंग कुठे लागलाय, किती उंचीवर लागलाय, त्यावरून तुम्ही सांगितलेली हकीकत जुळते का ते कळतं. काम आधीच झालं की हे सगळे पुरावे पुसले जातात, आणि नुकसान खरं असूनही माणूस भांडत बसतो.

म्हणून आधी फोटो काढा. गाडीचा नंबर दिसेल असा लांबून एक, मग जवळून, आणि डिकीच्या दोन्ही बाजूंच्या फटींचे. एका बाजूची फट रुंद आणि दुसरीकडची अरुंद दिसली तर ते फार बोलकं असतं. समोरच्याचा गाडी नंबर आणि विम्याचा तपशील घ्या. विमा कंपनीला लगेच कळवा, पॉलिसीत मुदत दिलेली असते. आणि तुमची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी आहे की स्वतःच्या गाडीचं नुकसानही तीत धरलंय, ते आधी बघा. फक्त थर्ड पार्टी असेल तर तुमची दुरुस्ती तुमच्या पॉलिसीतून होणार नाही, ती समोरच्याकडून किंवा त्याच्या विमा कंपनीकडून मागावी लागेल.

समोरच्याच्या पैशांबद्दल एक गोष्ट. रक्कम घेऊन "माझी काही तक्रार नाही" असं लिहून दिलंत, की तुमच्या कंपनीचा त्याच्याकडून वसुली करण्याचा मार्ग बंद होऊ शकतो, आणि मग कंपनी तुमच्याच क्लेमला हरकत घेऊ शकते. आत काय मोडलंय हे माहीत नसताना असं काही लिहून देऊ नये.

आता बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल नूतनीकरणाच्या प्रीमियमवर मिळणारी सूट. मेकॅनिक म्हणतात त्यात तथ्य आहे, पण त्याचा हिशेब करता येतो. समजा दुरुस्तीचा खर्च १०० आहे. त्यातून पॉलिसीप्रमाणे तुम्ही भरायचा ठरावीक वाटा १० आणि प्लास्टिकच्या भागांवरचा घसारा १५ गेला, तर हाती येतील ७५. झीरो डेप हे जादा संरक्षण घेतलेलं असेल तर घसारा बहुधा कापला जात नाही. पुढच्या काही नूतनीकरणांत मिळून बोनसपोटी तुमचे ३० जाणार असतील, तरी क्लेम फायद्याचा. तेच नुसतं कव्हर बदलायचं असेल, तर खिशातून भरणं बरं. क्लेम केला तरी बोनस शाबूत ठेवणारं जादा संरक्षण तुमच्या पॉलिसीत आहे का, तेही विचारून घ्या.

बंपर उघडल्यावर आणखी मोडतोड निघाली तर घाबरू नका. पुरवणी एस्टिमेट देता येतं, फक्त ते भाग बदलण्याआधी सर्व्हेअरला पुन्हा बोलवायचं. मात्र दाराचा जुना ओरखडा "यातच घालून टाकू" असं कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. मागून बसलेल्या धडकेत दार कसं खरचटेल? एवढ्या एका खोट्यानं पूर्ण क्लेम संशयात येतो.

गाडीला मागे पार्किंग सेन्सर किंवा कोपऱ्यात रडार असेल तर ते तपासून घेण्याचं काम एस्टिमेटमध्ये लिहून घ्या. रडारसमोरच्या कव्हरवर लांबीचा (पुट्टीचा) जाड थर दिला तर रडार नीट बघू शकत नाही. मागच्या सीटवर मुलाची सीट बांधलेली होती का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर तिच्या माहितीपत्रकात अपघातानंतर काय करावं ते वाचा, बऱ्याच कंपन्या मध्यम किंवा मोठ्या धडकेनंतर ती बदलायलाच सांगतात.

गाडी परत घेताना घाई करू नका. डिकी दहा वेळा उघडून लावून बघा. पाइपानं वरून पाणी मारायला सांगा, मग कार्पेट उचलून स्टेपनीच्या खळग्यात हात फिरवा. तो कोरडा लागला तरच समाधानपत्रावर सही करा.