सुट्ट्या पैशांच्या टंचाईतलं टोकन, आणि आजोबांचा बिल्ला

प्रश्न: सर नमस्कार, मामेभावाने अमेरिकेहून तांब्याचं एक छोटं नाणं आणलंय. एका बाजूला पिसांचा टोप घातलेलं डोकं आणि 1863 साल, मागे नॉट वन सेंट असं लिहिलंय. हे खोटं नाणं आहे का? अशीच जमवायची तर कुठली घेऊ? आजोबांचा मिलचा नंबरवाला पितळी बिल्ला घरात आहे, तो यात चालेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: खोटं अजिबात नाही हो, हे तिकडच्या यादवी युद्धातलं टोकन आहे. 1862 मध्ये लोकांनी सोनं-चांदी दाबून ठेवलीच, पण पुढे साधा एक सेंटसुद्धा बाजारातून गायब झाला, मग सुट्टे द्यायचे कुठून, म्हणून दुकानदारांनी सेंटच्या मापाची टोकनं स्वतःच पाडून घेतली आणि गिऱ्हाइकांनी ती चालवली पण. नॉट हा शब्द बारीक असायचा, म्हणजे पटकन बघितलं तर वन सेंटच वाटावं आणि नकली नाण्याचा ठपकाही येऊ नये. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर नावाच्या बिअरवाल्याने तर ढिगाने टोकनं काढली, ती ट्राम कंपनीकडे साठली, कंपनीने बदलून मागितली तर हा सरळ नाही म्हणाला आणि कंपनीला काहीच करता येईना! शेवटी 1864 च्या कायद्याने खासगी नाणी बंद झाली.

तुमच्यासारखी, किंवा झेंडा-घोषणावाली टोकनं पुष्कळ मिळतात. पण मी म्हणेन दुकानाचं आणि गावाचं नाव असलेली घ्या, ज्यांना स्टोअर कार्ड म्हणतात. खाटीक, औषधवाला, किराणावाला, सगळे त्यात भेटतात, एकट्या सिनसिनाटी शहराचीच कितीतरी आहेत, म्हणून एकच गाव धरलं तरी छान संग्रह होतो. आणि कृपा करून चिंच, पितांबरी काही लावू नका, तांब्याचा जुना रंग एकदा गेला की परत येत नाही आणि किंमतही पडते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात पण नको, हिरवं पडतं.

आपल्याकडचं हवं असेल तर दुसऱ्या महायुद्धात काठेवाडातल्या संस्थानांनी सुट्ट्या पैशांऐवजी काढलेली पुठ्ठ्याची कॅश कूपनं बघा, दुकानदारांची नाहीत ती, पण अडचण तीच. 1943 पासूनचा भोकाचा पैसाही सोबत ठेवा, तांबं वाचवायलाच मधे भोक पाडलं होतं.

बिल्ला मात्र वेगळा ठेवा, तो पैसा नव्हे, कामगाराची ओळख आहे. आजोबा कुठल्या मिलमध्ये, कुठल्या खात्यात होते ते घरातल्या मोठ्यांना आत्ताच विचारा आणि चिठ्ठीवर लिहून बिल्ल्यासोबत ठेवा, नुसत्या नंबरावरून पुढे कोणाला काही कळणार नाही.