सभागृहात नको, वॉर्डात शिकवा

प्रश्न : मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. आमच्याच आवारात मेडिकल, फिजिओथेरपी आणि फार्मसीची कॉलेजं आहेत. गेल्या महिन्यात चौघांच्या मुलांना सभागृहात एकत्र बसवून मधुमेहावर व्याख्यान ठेवलं. मुलं आपापल्या घोळक्यात बसली. प्रश्न विचारले ते मेडिकलच्याच मुलांनी. आता सहकारी म्हणतात, हे एकत्र शिक्षण म्हणजे नुसतं फॅड आहे. पुन्हा करू की सोडून देऊ?

उत्तर : सोडू नका. सोडायचं ते सभागृह. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली याचा आराखडा काढला. त्यात म्हटलंय की वेगवेगळ्या शाखांच्या मुलांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायचं. तुमच्याकडे मुलं शेजारी बसली आणि ऐकून उठली. त्यावरून फॅड म्हणणं घाईचं होईल.

हे मी इतक्या कळकळीनं का सांगते, तर मी सिस्टर ट्यूटर होण्याआधीची एक गोष्ट आहे. आमच्या वॉर्डातून एका आजोबांना डिस्चार्ज मिळाला. कार्डावर लिहिलेलं : इन्सुलिन, सकाळी २० युनिट. कुपी मिळाली ४० ची, म्हणजे एका मिलित ४० युनिट. सिरिंज सुनेनं गावातल्या दुकानातून घेतली, ती निघाली १०० ची, म्हणजे मिलिला १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीची. टोचायचं कसं ते मीच तिला शिकवलं होतं, अगदी नीट, पण वॉर्डातल्या सिरिंजवर. घरी ती रोज वीसच्या रेघेपर्यंत भरायची. १०० च्या सिरिंजवर वीसची रेघ म्हणजे ०.२ मिलि, आणि ४० च्या कुपीतल्या तेवढ्या औषधात युनिट भरतात फक्त आठ. नवव्या दिवशी आजोबा परत आले, साखर चारशेच्या वर. डॉक्टरांनी लिहिलेला डोस बरोबर होता, दुकानदारानं मागितलं तेच दिलं होतं, मी टोचायला बरोबर शिकवलं होतं. तरी भोगलं आजोबांनी. ते मला आजही लागतं.

पुढे ट्यूटर झाल्यावर मी हीच केस मुलांपुढे ठेवत आले, तुम्हीही ठेवा. प्रत्येक शाखेची दोन, अशी आठ मुलं. टेबलावर ४० ची कुपी, लाल टोपणाची ४० ची सिरिंज, केशरी टोपणाची १०० ची सिरिंज आणि डिस्चार्ज कार्ड. सांगा, आजोबा उद्या घरी जाणार आहेत, मिळून समजावा. मेडिकलचा मुलगा डोस झरझर सांगतो आणि सिरिंज हातात आली की थांबतो. फार्मसीची मुलगी टोपणाचा रंग दाखवते. नर्सिंगची विचारते, घरी टोचणार कोण? फिजिओचा मुलगा आजोबांची बोटं हातात घेऊन पकड बघतो. अर्ध्या तासात कळतं, आपल्याला काय येत नाही आणि ते कोणाला येतं.

एक पथ्य मात्र पाळा. गटप्रमुख दर वेळी वेगळ्या शाखेचा नेमा. आपल्या नर्सिंगच्या मुली 'सरांनी लिहिलंय' म्हटलं की गप्प बसतात, आणि ही सवय पहिल्या पोस्टिंगपासूनच लागते. शिक्षकही दोन शाखांचे हवेत. मुलांदेखत तुम्ही फार्मसीच्या सरांना काही विचारलंत, तर मुलंही विचारू लागतील.

खरी अडचण वेळापत्रकाची. परीक्षा वेगळ्या, पोस्टिंग वेगळं. पण २०१९ पासून एमबीबीएसला 'एटकॉम'चे, म्हणजे वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणारे, तास आहेत आणि दुसऱ्या वर्षाच्या तासांत आरोग्य पथकात काम करणं हा विषयच आहे. मेडिकलच्या विभागप्रमुखांना भेटा आणि म्हणा, त्या तासांना पथक आम्ही आणतो. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठात १९८६ पासून आरोग्याच्या वेगवेगळ्या शाखांची मुलं काही भाग एकत्र शिकतात. १९९६ मध्ये तिथे मुलांनी मिळून चालवायचा वॉर्डच सुरू झाला, देखरेखीला अर्थात अनुभवी माणसं. तेवढं आपल्याला आज जमणार नाही, आणि जमायलाच हवं असंही नाही.

तुम्ही एक दुपार मिळवा. शेवटी मार्क देऊ नका. प्रत्येकाला एका कागदावर लिहायला सांगा : शेजारच्या शाखेकडून आज मला काय कळलं, जे माझ्या पुस्तकात नव्हतं? ते आठ कागद मला पाठवलेत तर मी आवडीनं वाचेन.