वार पाळणं आणि शब्बाथ

प्रिय आशिष,

तुझा व्हॉइस मेसेज ड्युटी संपल्यावर नीट ऐकला. एक प्रश्न आहे म्हणालास आणि विचारलेस तीन. खानापूर तालुक्यातल्या तुझ्या मित्राच्या गावी यात्रेआधीची वार पाळणूक लागलीय, मंगळवारी शेतात कोणी पाय टाकत नाही. इकडे आजी रविवारी शिलाई मशीनला कोणाला हात लावू देत नाही. आणि मी, तुझी आई, कुवेतमध्ये चर्चला जाते शुक्रवारी, रविवारी मात्र सरळ कामावर. मग खरा वार कुठला, आणि आपला शब्बाथ, म्हणजे आठवड्यातला विसाव्याचा दिवस, ही वार पाळणूकच की काय, असं तुझं म्हणणं.

आधी एक सांगते, मित्राच्या गावाला हसू नकोस. आपल्या भागात वार पाळायची रीत जुनी आहे. गावची पंच कमिटी बसते, मंगळवार की शुक्रवार ते ठरतं, आणि त्या दिवशी औत शिवारात जात नाही. त्यामागे देवीचा धाक असतो, तो आपण मानत नाही. रोजावर जाणाऱ्या बाईची मजुरीही त्या दिवशी बुडते, हेही खरं. पण सगळं गाव एकदम थांबतं, ही गोष्ट लहान नाही. सोमवारी बैल न जुंपणारी घरं तर मराठीत आहेत तशी कानडीतही आहेत. सोमवार महादेवाचा आणि बैल म्हणजे नंदी, मग त्याच्या खांद्यावर त्या दिवशी जू कसं ठेवायचं?

आता पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घे आणि निर्गमचा विसावा अध्याय काढ. शब्बाथाची आज्ञा आपण शब्बाथ शाळेत घोकली, पण घाईत तिची यादी निसटते. तू काम करू नकोस एवढ्यावर ती थांबत नाही. तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरा, या सगळ्यांना त्या दिवशी काम नाही. म्हणजे बैल तिथेही आहे बघ. पुढे अनुवादच्या पाचव्या अध्यायात तीच आज्ञा पुन्हा येते, कारण मात्र वेगळं दिलंय. निर्गमात देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून. अनुवादात, तू मिसर देशात दास होतास हे आठव म्हणून. गुलामाला सुट्टी कोण देणार? जो सुटला त्याने दुसऱ्याला जुंपून ठेवायचं नाही.

मला विचारशील तर शब्बाथाचा गाभा इथेच आहे. मी किती शांत बसले यापेक्षा माझ्यामुळे कोण बसू शकलं, हे मी आधी बघते. इथे आल्यापासून हे जास्तच कळतं, कारण वेशीच्या आतली उपरी आता मीच आहे. कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी शाळा-कचेऱ्या सुरू. म्हणून ख्रिस्ती मंडळ्या उपासनेला शुक्रवारी जमतात. चर्चच्या एकाच आवारात मल्याळी, तमिळ, तेलुगू, फिलिपिनो अशा उपासना एकामागून एक चालतात. तिथे घरकाम करणाऱ्या बायकाही येतात. त्यांना आठवड्याची एक सुट्टी २०१५ च्या कायद्याने हक्काची झाली, तरी पदरात प्रत्येकीच्या पडतेच असं नाही. एखादी चार-चार आठवडे दिसत नाही आणि मग एका शुक्रवारी इस्त्रीचा ड्रेस घालून पहिल्या बाकावर येऊन बसते. तिच्याकडे बघून मला ती आज्ञा जशी कळते, तशी प्रवचनातून क्वचितच कळली असेल.

वाराचं म्हणशील तर यहुद्यांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळल्यावर लागतो आणि शनिवारी मावळल्यावर सुटतो. प्रभू येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, मरणातून उठला, म्हणून त्याचे शिष्य त्या दिवशी भाकर मोडायला जमू लागले. तेव्हा रविवारी सुट्टी वगैरे काही नव्हती, कामाचाच दिवस होता तो. ३२१ साली कॉन्स्टंटाइन बादशहाने रविवारी कचेऱ्या आणि शहरातली कामं बंद ठेवायचा हुकूम काढला, आणि शेतकऱ्याला त्यातून सूट दिली, कारण पेरणीचा दिवस हातचा गेला तर परत येत नाही. (हे आपल्या शिवारात कोणालाही पटेल.) सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी आजही शनिवारच पाळतात. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. प्रेषित पौलाने रोमकरांना पत्रात लिहिलंय की कोणी एक दिवस मोठा मानतो, कोणी सगळे सारखे, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. मला तेवढं पुरतं.

आणि आपल्याकडची रविवारची सुट्टी नुसती साहेबाने दिलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टीच नव्हती. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे त्यासाठी झगडले आणि १० जून १८९० ला ती मिळाली. रविवार आमच्या खंडोबाचा वार आहे, असंही त्यांनी मांडलं होतं म्हणतात. तेव्हा आपलं बेळगावही मुंबई इलाख्यातच होतं. वर्गात कोणी रविवार ख्रिस्ती लोकांचा म्हणालं तर हे सांग.

आता आजी. बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० ला सुरू झालं. त्या इंग्रज मिशनऱ्यांना रविवार फार कडक लागायचा, आणि ते वळण आपल्या घराण्यांत उतरलं. पण आजीचा कडकपणा नुसता तेवढाच नाही. शनिवारी रात्री तिच्याकडे लक्ष दे. तांदूळ निवडून झाकलेले, खोबरं खोवून ठेवलेलं, अर्पणाचे पैसे रुमालाच्या गाठीत, आणि शेवटी मशीनचं चाक हाताने थांबवून वर जुन्या पोलक्याच्या कापडाचं झाकण. इस्राएल लोकांसाठी रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, पडायचा तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलं होतं, आजी तेच करते. दिवाळीच्या तोंडावर ब्लाऊजांचा ढीग पडलेला असतानाही ती मशीन उघडत नसे. मी कुरकुरले की म्हणायची, "एक दिस मशीन गप बसली म्हणून कोण उपाशी मरूलालंय काय?" माझ्या हातांवाचूनही देव घर चालवतो, हे ती त्या झाकणाने कबूल करते. इब्रीकरांच्या पत्रात देवाच्या लोकांसाठी अजून विसावा राहिलाय असं म्हटलंय, तो हा. देवाची मर्जी कष्ट करून कमवायची नसते, ती ख्रिस्तात आधीच मिळालेली असते. वार पाळणुकीत आणि आपल्यात फरक पडतो तो इथे. वार मोडला तर कोप होईल या भीतीने आपण थांबत नाही.

म्हणूनच मी रविवारी वॉर्डात असते तेव्हा मनाला टोचत नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षं वाकलेली बाई आहे. येशूने तिला शब्बाथ दिवशी सरळ केलं, तर सभास्थानाचा अधिकारी चिडला, की सहा दिवस आहेत, तेव्हा या म्हणून. येशू त्याला म्हणाला, तुम्ही शब्बाथ दिवशी गोठ्यातला बैल सोडून पाण्यावर नेताच ना? मग हिला का सोडवायचं नाही? आता माझ्या पेशंटला सलाइन सोमवारी लावू का?

एक जमिनीचं राहिलंच. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी शेतालाही विसावा सांगितलाय. आपल्याकडे चिकोडी-निपाणी पट्ट्यात उसाची लावण, तोडला की त्याच बुडख्यांचा खोडवा, मग पुन्हा निडवा. बैलाला सोमवार तरी मिळतो, त्या रानाला तेवढाही नाही. मामा भेटला की त्याला विचार, तो चिडेल, पण विचार.

तुझ्या ट्युशनवाल्यांनी रविवारी सकाळी टेस्ट ठेवलीय, त्याचं मी बघते. संध्याकाळची बॅच मिळते का ते फोन करून विचारेन, नाही मिळाली तर ती एक टेस्ट बुडव. मोबाइलवर गेम खेळणं विसाव्यात बसतं का, असं तू शेवटी हळूच विचारलंस. बसत असेल. पण तू सोफ्यावर विसावलास आणि मोरीत आजी रश्शाचं पातेलं घासत बसली, तर तुझ्या घरात शब्बाथ तुझ्या एकट्याचाच झाला. या रविवारपासून दुपारची भांडी तुझी. पातेलं आधी भिजत घाल, नाहीतर तळ निघत नाही.

तुझी,
आई