मे महिन्यात जुन्या नाट्यगृहात ७०० रुपयांचं तिकीट काढून आई-वडिलांना नाटकाला न्यावं का?

तुमच्या गावात मुंबईचं नाटक येतंय, हॉल जुना आहे आणि आई-वडिलांना न्यायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. गेल्या मे महिन्यात मी हाच उद्योग केला, म्हणून लिहितो. नाट्यगृहाचं नाव सांगत नाही. खानदेशात कुणीही वाचलं तरी त्याला ते आपल्याच गावचं वाटेल.

आईला घेऊन गेलो. दुपारी चारचा प्रयोग, बाहेर ४४ अंश. तिकीट देणारा म्हणाला होता, एसी आहे. आत गेल्यावर कळलं की आहे, पण चालत नाही. भिंतीवरचे मोठे पंखे तेवढे सुरू होते आणि त्यांची घरघर अशी, की मळणीयंत्राशेजारी बसलोय. तिसऱ्या घंटेला पडदा अर्ध्यात अडकला, तो एका पोरानं ओढून मोकळा केला. इथपर्यंत कुणी काही बोललं नाही. आपला माणूस एवढ्यानं चिडत नाही.

पण पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य धड कळेना. मागून "आवाऽज!" सुरू झालं. कुणीतरी पंखे बंद केले. पाच मिनिटांत "पंखेऽ!" सुरू झालं. असं तीनदा झालं. शेवटी मुख्य नट संवाद सोडून पुढे आला, हात जोडून म्हणाला, "मंडळी, नाटक ऐकायचंय की वारा घ्यायचाय?" हात वर झाले. वारा जिंकला. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो.

दोष फक्त पंख्यांचा नव्हता. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १७ मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्यात नट पुढच्या शब्दावर गेलेला असतो. भिंतीला आवाज शोषणाऱ्या फळ्या आणि खुर्च्यांना जाड गाद्या असल्या की तो परतीचा आवाज मरतो. इथे फळ्या निखळलेल्या, तिथे सरळ गिलावा केलेला, आणि मोडलेल्या खुर्च्यांच्या जागी लग्नाच्या मांडवातल्या प्लॅस्टिकच्या. वर माइकचा आवाज वाढवला, की गोंधळही तेवढाच वाढतो.

मध्यंतरात बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. किल्लीवाला चहाला गेलेला. नटमंडळींच्या खोल्यांची काय दशा असेल, ते मी बघायला गेलो नाही. मुंबईहून धुळ्यापर्यंत सव्वातीनशे किलोमीटर नेपथ्याचा ट्रक आणायचा आणि वर हे. मग इकडचे दौरे कमी का होतात, हा प्रश्न मला तरी पडत नाही.

घरी येताना आईला विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "काहीच आयकू उनं नही, पन तिनी साडी भारी व्हती." दोघांचे मिळून १४०० रुपये, आणि हाती लागली ती साडी.

तरी जाऊ नका असं मी म्हणणार नाही. मे टाळता आला तर टाळा. हेच नाटक डिसेंबरात आलं तर पंख्यांचा प्रश्नच येत नाही. जायचंच असेल, तर तिकीट काढण्याआधी स्वतः आत जाऊन एसी सुरू करून दाखवायला सांगा. फोनवरच्या "आहे"वर जाऊ नका. चौथ्या ते आठव्या रांगेत, मधोमध बसा. बाल्कनीच्या खालच्या जागा घेऊ नका, स्वस्त असल्या तरी. तिथे आवाज पोचेपर्यंत दबतो. वडिलांना कमी ऐकू येत असेल तर भिंतीवरच्या पंख्याजवळची जागा तर अजिबात नको. आणि पाण्याची बाटली घरून भरून न्या. तिथल्या नळाला पाणी नव्हतं.